अमेरिकेतील स्थलांतराचा इतिहास मूळ कागदपत्रांतून कसा वाचावा

स्थलांतराच्या इतिहासावर निबंध, प्रबंध किंवा व्याख्यान तयार करणारा मराठी अभ्यासक बहुधा दुय्यम ग्रंथांतील आकडे उचलतो आणि त्यांवर आपले विवेचन उभे करतो. अमेरिकेच्या बाबतीत आता त्याची गरज उरलेली नाही. तेथील जनगणनेची हस्तलिखित पाने, जहाजांच्या उतारू-याद्या, नागरिकत्वाचे अर्ज, न्यायालयांचे निकाल आणि कायद्यांच्या मूळ संहिता यांचा फार मोठा भाग घरबसल्या पाहता येतो. अडचण कागद मिळण्याची नसून तो वाचण्याची आहे. या कागदांवर माणसांची जी वर्गवारी दिसते ती बहुतेक वेळा त्या माणसांनी केलेली नसते. ती शासनाने ठरवलेली असते, आणि शासनाला काय जाणून घ्यायचे होते, कशाची भीती वाटत होती, कोणाला आपले म्हणायचे नव्हते, हे तिच्यात उमटलेले असते. म्हणून रकान्यातील नोंद वाचण्याआधी रकान्याचे शीर्षक वाचावे, आणि ते शीर्षक कोणत्या वर्षी व कशासाठी आले याचा शोध घ्यावा. पुढील सर्व सूचना या एका अटीतून निघतात.

प्रश्न आधी ठरवावा

‘अमेरिकेतील वांशिक विविधता’ हा अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही, कारण त्याला कडा नाहीत. एक समाज, एक ठिकाण आणि पंचवीस-तीस वर्षांचा काळ एवढी मर्यादा घालून घ्यावी. १९१० ते १९४० या काळात कॅलिफोर्नियाच्या इंपीरिअल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांची कुटुंबे कशी घडली, किंवा १८८० नंतर न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात आलेल्या पूर्व युरोपीय ज्यू कुटुंबांनी कोणते व्यवसाय धरले, असे प्रश्न कागदपत्रांतून सोडवता येतात. प्रश्न जितका नेमका, तितक्या लवकर कोणता कागद उघडायचा हे कळते.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: आपण ज्यांच्याविषयी लिहिणार आहोत ते खरोखर स्थलांतरित आहेत का? ‘अमेरिका हा स्थलांतरितांचा देश आहे’ हे वाक्य इतके रुळले आहे की त्यात न बसणारे तीन मोठे समूह नजरेआड होतात. मूळ रहिवासी कोठूनही आलेले नव्हते. त्यांच्या भूमीवर दुसरे आले, आणि त्या सर्वांना अमेरिकेचे नागरिकत्व देणारा कायदा १९२४ मध्ये झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे स्वेच्छेने आलेली नव्हती. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट उतरवल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांची संख्या चार लाखांच्या आसपास मानली जाते, आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ३९ लाखांहून अधिक भरली. तिसरा समूह मेक्सिकन रहिवाशांचा. १८४८ च्या ग्वादालूप हिदाल्गोच्या तहाने आजच्या कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोचा मोठा भाग अमेरिकेकडे गेला, तेव्हा तेथील लोक होते तेथेच राहिले आणि सीमा त्यांच्यावरून पुढे सरकली. या तिन्ही समूहांना ‘स्थलांतरित’ म्हणणे ही वस्तुस्थितीची चूक आहे, आणि ती पुढील सगळ्या विवेचनाला वाकडे वळण लावते. देशांतर्गत स्थलांतर हा आणखी वेगळा प्रकार आहे. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेकडील राज्ये सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजलिस अशा शहरांकडे गेले. त्यांचा शोध जहाजांच्या याद्यांत नव्हे, तर जनगणनेतील जन्मराज्याच्या रकान्यात घ्यावा लागतो.

कायद्यांचा तक्ता तयार करावा

कागदांना हात लावण्यापूर्वी एका मोठ्या पानावर कायद्यांचा तक्ता करावा. त्यात प्रवेश आणि नागरिकत्व असे दोन स्वतंत्र स्तंभ ठेवावेत, कारण देशात येऊ देणे आणि देशाचा मानणे या दोन गोष्टी अमेरिकेने दीर्घकाळ वेगळ्या ठेवल्या.

नागरिकत्वाच्या स्तंभाची सुरुवात १७९० च्या कायद्याने करावी. परदेशात जन्मलेल्या ‘मुक्त गौरवर्णीय’ व्यक्तीलाच अर्ज करून नागरिक होता येईल, असे त्या कायद्याने ठरवले. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींना हा हक्क मिळाला. आशियातून आलेले लोक मात्र मधल्या मध्ये राहिले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल जन्मानेच नागरिक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी तरुणाच्या खटल्यात मान्य केले. त्यामुळे एकाच घरात आईबाप कायमचे परके आणि मुले नागरिक अशी स्थिती निर्माण झाली. चिनी लोकांना १९४३ मध्ये, भारतीय आणि फिलिपिनो लोकांना १९४६ मध्ये आणि उरलेल्या सर्वांना १९५२ मध्ये नागरिकत्वाची दारे उघडली.

प्रवेशाच्या स्तंभात १८८२ चा चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा ठळकपणे लिहावा, कारण एका विशिष्ट देशाच्या लोकांना नाव घेऊन रोखण्याची रीत तेथून सुरू झाली. १९१७ च्या कायद्याने साक्षरतेची परीक्षा आणली आणि नकाशावर रेघा ओढून आशियाचा मोठा पट्टा, ज्यात भारत येत होता, प्रवेशासाठी बंद केला. १९२१ मध्ये देशवार वाटे ठरले: १९१० च्या जनगणनेत एखाद्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या ३ टक्के लोकांनाच दरवर्षी प्रवेश मिळणार होता.

१९२४ चा कायदा समजून घेण्यासाठी थोडा अधिक वेळ द्यावा. त्याने ३ टक्क्यांचे २ टक्के केले, परंतु खरा बदल आधारवर्षात होता. १९१० ऐवजी १८९० ची जनगणना आधाराला घेतली गेली. इटली, पोलंड, रशिया या प्रदेशांतून येणाऱ्यांची मोठी लाट १८९० नंतरची आहे. म्हणजे त्यांची संख्या जेव्हा अजून लहान होती असे वर्ष हेतुपूर्वक निवडले गेले, आणि कोणत्याही समाजाचे नाव न घेता त्यांचा वाटा आक्रसला. इटलीचा वार्षिक वाटा सुमारे ४२ हजारांवरून चार हजारांच्याही खाली आला. ज्यांना नागरिक होता येत नव्हते अशांना, म्हणजे व्यवहारात जपान्यांसह आशियाई लोकांना, याच कायद्याने प्रवेशही नाकारला. पश्चिम गोलार्धातील देशांना मात्र वाटा लागू नव्हता, कारण नैर्ऋत्येकडील शेतमालकांना मेक्सिकन मजूर हवे होते. जनगणनेचा आकडा म्हणजे केवळ माहिती, ही समजूत या एका उदाहरणाने दूर व्हावी.

ही देशवार वाट्यांची पद्धत ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केलेल्या कायद्याने संपली. कुटुंबाची नाती आणि व्यवसायातील कौशल्य हे नवे निकष झाले. १९९० च्या कायद्याने एच-१बी या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या परवान्याला आजचे रूप दिले. ज्यांना भारतीयांवर लिहायचे आहे त्यांनी ही दोन वर्षे अधोरेखित करून ठेवावीत.

तक्त्याला राज्यांच्या कायद्यांचा तिसरा स्तंभही जोडावा. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना शेतजमीन विकत घेता येईना. इंपीरिअल खोऱ्यातील पंजाबी शेतकऱ्यांच्या जमिनी दुसऱ्याच कोणाच्या नावावर का दिसतात, याचे उत्तर या स्तंभात मिळते, जनगणनेत नाही. वेगवेगळ्या वर्णांच्या विवाहाला कॅलिफोर्नियात १९४८ पर्यंत बंदी होती. म्हणून त्या शेतकऱ्यांपैकी अनेकांचे विवाह मेक्सिकन स्त्रियांशी झाले, कारण विवाहाचा परवाना देणाऱ्या कारकुनाच्या नजरेत दोघे एकाच वर्णाचे ठरत.

जनगणनेचे पान

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. व्यक्तिगत नोंदी असलेली पाने ७२ वर्षे गोपनीय राहतात. १९५० ची पाने एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली आणि १९६० ची २०३२ मध्ये होतील. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर नाव नोंदवून ती विनामूल्य पाहता येतात, आणि एकत्रित आकडेवारीसाठी मिनेसोटा विद्यापीठाचा आयपम्स हा संग्रह उत्तम आहे.

प्रथम आपल्या प्रश्नाला लागणारा रकाना त्या वर्षी होता की नाही ते पाहावे. १८५० पूर्वी केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. १८५० मध्ये प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव आणि जन्मस्थान आले. गुलामांची नोंद मात्र वेगळ्या तक्त्यात, मालकाच्या नावाखाली, बहुतेक वेळा वय, लिंग आणि वर्ण एवढीच होई. त्यामुळे कृष्णवर्णीय कुटुंबाचा शोध मागे नेणाऱ्याला १८७० च्या, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या, भिंतीशी थांबावे लागते, आणि तेथून पुढे मालकांची मृत्युपत्रे व विक्रीखते चाळावी लागतात. १८८० मध्ये आईवडिलांचे जन्मस्थान आले, १९०० मध्ये आगमनाचे वर्ष आले, १९१० मध्ये मातृभाषा आली. १८९० ची बहुतेक सर्व पाने १९२१ च्या वॉशिंग्टनमधील आगीनंतर नष्ट झाली. त्या दशकासाठी शहरांच्या व्यवसाय-सूचिका, चर्चच्या नोंदी आणि राज्यांनी स्वतंत्रपणे घेतलेल्या शिरगणत्या यांवर भर द्यावा. न्यूयॉर्क राज्याची १८९२ ची शिरगणती अशा वेळी फार उपयोगी पडते.

मातृभाषेचा रकाना दुर्लक्षित राहतो, पण तो मोलाचा आहे. १७९५ ते १९१८ या काळात पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य नकाशावर नव्हते. वॉर्सामधून आलेला माणूस जनगणनेत रशियात जन्मलेला दिसतो, क्राकोचा ऑस्ट्रियात आणि पोझनानचा जर्मनीत. जन्मदेश पाहून संख्या काढणारा अभ्यासक या तिघांना तीन समाजांत वाटून टाकतो, आणि रशियाच्या बेरजेत पोलिश, ज्यू, लिथुआनियन व जर्मनभाषक यांना एकत्र कोंबतो. १९१०, १९२० आणि १९३० च्या पानांवर जन्मस्थान आणि मातृभाषा हे दोन्ही रकाने एकत्र वाचल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

वर्णाचा किंवा वंशाचा रकाना सर्वांत जपून वाचावा. १९६० पूर्वी तो बहुधा प्रगणक भरत असे, समोरच्या माणसाकडे पाहून. कुटुंबांनी स्वतः अर्ज भरण्याची पद्धत त्यानंतर रुळली. म्हणून जुन्या पानावरील नोंद ही त्या माणसाची स्वतःविषयीची जाणीव नसून दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाचे मत असते, आणि तोच माणूस दहा वर्षांनंतर दुसऱ्या वर्णात आढळू शकतो. १९३० मध्ये ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून छापला गेला. मेक्सिकोचे सरकार आणि मेक्सिकन वंशाचे अमेरिकी नागरिक यांच्या विरोधानंतर तो पुढच्या वेळी काढावा लागला. १९२०, १९३० आणि १९४० या तीन जनगणनांत ‘हिंदू’ हा एक वंश होता. कॅलिफोर्नियातील ज्या माणसांपुढे तो लिहिला गेला त्यांतील बहुसंख्य शीख होते आणि काही मुसलमान. त्या आकड्यावरून हिंदू धर्मीयांची संख्या सांगणारे लेखन आजही आढळते. १९७० मध्ये भारतीय वंशाचे लोक गौरवर्णीयांत मोजले गेले, १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ असा स्वतंत्र पर्याय आला, आणि २००० पासून एकाहून अधिक वंश निवडण्याची मुभा मिळाली. या मधल्या वर्षांत एखाद्या समाजाची आकडेवारी अचानक फुगलेली किंवा घटलेली दिसली, तर माणसे आली-गेली असे समजण्याआधी रकाना बदलला होता का ते तपासावे.

आकडे मांडताना संख्या आणि प्रमाण दोन्ही द्यावेत. परदेशात जन्मलेल्यांची संख्या १८९० मध्ये सुमारे ९२ लाख होती आणि १९७० मध्ये सुमारे ९६ लाख. संख्या जवळजवळ सारखीच आहे. परंतु १८९० मध्ये ती लोकसंख्येच्या १४.८ टक्के होती आणि १९७० मध्ये ४.७ टक्के. यांपैकी एकच बाजू देणारा लेख वाचकाची दिशाभूल करतो, मग तो स्थलांतराच्या बाजूने लिहिलेला असो वा विरुद्ध.

जहाजांची यादी

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजाने उतारूंची यादी देण्याचा नियम १८१९ मध्ये झाला, म्हणून १८२० पासूनच्या याद्या मिळतात. सुरुवातीच्या याद्यांत नाव, वय, व्यवसाय आणि देश एवढेच असते. १८९३ नंतर रकाने वाढत गेले: लिहितावाचता येते का, तिकिटाचे पैसे कोणी दिले, जवळ किती रक्कम आहे, कोणाकडे जाणार, पूर्वी आला होता का, प्रकृती कशी आहे. १८९९ पासून ‘वंश किंवा लोक’ असा रकाना आला, ज्यात उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन वेगळे मोजले जात आणि ज्यू लोकांची नोंद देशाऐवजी ‘हिब्रू’ अशी होई.

न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड केंद्रातून १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख लोक गेले. तेथील अधिकाऱ्यांनी लोकांची नावे बदलली, ही कथा असंख्य कुटुंबांत सांगितली जाते, आणि ती कागदाच्या कसोटीवर टिकत नाही. यादी जहाज कंपनीचे लोक निघण्याच्या बंदरावर तयार करीत; एलिस आयलंडवरील निरीक्षक ती समोर ठेवून प्रश्न विचारीत. नाव बदलले ते बहुधा नंतर, शाळेत, कारखान्यात किंवा नागरिकत्वाच्या अर्जावर, आणि पुष्कळदा त्या माणसाने स्वतः बदलले. म्हणून शोध घेताना मायदेशातील उच्चारानुसार नाव शोधावे. सापडले नाही तर वय, गाव आणि ज्याच्याकडे जाणार त्याचे नाव यांच्या आधारे शोधावे. भारतीय नावांबाबत रोमन लिपीतील अनेक पर्याय वापरून पाहणे आवश्यक आहे. १८८३ मध्ये कोलकात्याहून निघून न्यूयॉर्कला उतरलेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी स्थलांतरित नव्हत्या, परतीच्या निश्चयाने गेलेल्या विद्यार्थिनी होत्या. पण त्यांच्या अमेरिकेतील नोंदी शोधणाऱ्याला आडनावाच्या शेवटी दोनदा ‘ई’ हे रोमन अक्षर लिहिल्याखेरीज फारसे हाती लागत नाही. पकीप्सी येथील त्यांच्या स्मृतिशिळेवरही तेच वर्णलेखन आहे.

यादीतील उत्तरे कायद्याचा तक्ता जवळ ठेवून वाचावीत. १८८५ च्या कायद्याने आधी करार करून मजूर आणण्यास बंदी घातली होती. त्यामुळे ‘येथे काम ठरले आहे का’ या प्रश्नाला होकार देणारा परत पाठवला जाण्याची शक्यता असे, आणि ‘पोट कसे भरणार’ याचे समाधानकारक उत्तर न देणाराही, कारण समाजावर भार होईल असे वाटणाऱ्यालाही प्रवेश नव्हता. या दोन्हींच्या मधून वाट काढणारी उत्तरे प्रत्येक पानावर दिसतात: काम ठरलेले नाही, परंतु चुलतभाऊ येथे आहे, अंगात बळ आहे, खिशात इतके डॉलर आहेत. त्या उत्तरांवरून दक्षिण इटलीतील शेतमजुरांना नोकरीचे आश्वासन नव्हते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पानाच्या समासात नंतर लिहिलेले आकडे व तारखा आढळल्या तर त्या सोडून देऊ नयेत. त्या बहुधा पुढे नागरिकत्वाच्या अर्जासाठी झालेल्या पडताळणीच्या खुणा असतात आणि पुढचा कागद कोठे शोधायचा ते सांगतात.

पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी जहाजावरच उरकत असे. एलिस आयलंडच्या दालनात उभे राहावे लागे ते तिसऱ्या वर्गाच्या लोकांना.

खोटे बोलणारे कागद

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल आयलंड केंद्र १९१० ते १९४० या काळात चालले, आणि तेथील कागद वेगळ्या सावधगिरीने वाचावे लागतात. चिनी मजुरांना बंदी होती, पण व्यापाऱ्यांना आणि अमेरिकी नागरिकांच्या मुलांना प्रवेश होता. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा तेथे राहणाऱ्या अनेक चिनी पुरुषांनी आपला जन्म याच शहरात झाल्याचे सांगितले आणि पुढे चीनमध्ये जन्मलेल्या मुलग्यांची नोंद केली, ज्यांतील काही अस्तित्वातच नव्हते. त्या रिकाम्या जागा विकल्या गेल्या. अशा ‘कागदी मुलग्यांना’ पकडण्यासाठी अधिकारी शेकडो प्रश्न विचारीत: घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, शेजाऱ्याच्या थोरल्या मुलाचे नाव काय. उमेदवार आधीपासून उत्तरे पाठ करून येत. या चौकशीच्या हजारो फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत.

अशी फाईल हाती आली की तिच्यातील वंशावळ खरी मानून चालता येत नाही, आणि ती खोटी म्हणून टाकूनही देता येत नाही. त्या कुटुंबाने पुढील चाळीस वर्षे तेच आडनाव लावले, मुलांची लग्ने त्याच नावाने केली आणि खरे नाव घरातही दबक्या आवाजात उच्चारले. येथे अभ्यासकाने दोन नोंदी ठेवाव्यात: कागदावरील कुटुंब आणि, मुलाखती किंवा थडग्यावरील चिनी अक्षरे यांवरून कळले तर, रक्ताचे कुटुंब. स्थानबद्धांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या दोनशेहून अधिक चिनी कविता वाचल्या गेल्या आहेत. माझ्या मते एंजल आयलंडवरील कोणत्याही लेखनात सरकारी फाईल आणि त्या कविता शेजारी-शेजारी ठेवायलाच हव्यात, कारण फाईलमध्ये माणूस केवळ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

निकाल वाचताना

न्यायालयाचा निकाल हा वर्गवारी कशी घडते हे दाखवणारा सर्वांत उघड पुरावा आहे. त्यासाठी दोन निकाल एकामागोमाग वाचावेत. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या अनेक वर्षे अमेरिकेत राहिलेल्या, तेथेच शिकलेल्या जपानी गृहस्थांचा नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला. ‘गौरवर्णीय’ म्हणजे केवळ त्वचेचा रंग नव्हे, तर कॉकेशियन वंशाची व्यक्ती, असे कारण दिले गेले. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांचा खटला निकाली निघाला. त्या काळच्या वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय कॉकेशियन ठरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. आता न्यायालयाने सांगितले की शास्त्रातील वर्गीकरण निर्णायक नाही. सामान्य माणूस ज्याला गौरवर्णीय समजतो तोच गौरवर्णीय. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच लिहिले. ते वाचताना कोणता निकष कोठे वापरला आणि कोठे सोडला याची टिपणे समासात करावीत. थिंद यांचा आपल्या वंशश्रेष्ठत्वावर आधारलेला युक्तिवादही तितक्याच चिकित्सेने वाचावा. अन्याय झालेल्या पक्षाची प्रत्येक भूमिका न्याय्य असतेच असे नाही.

निकालापाशी थांबू नये. त्यानंतर काय झाले ते शोधावे. थिंद निकालानंतर आधी दिलेली नागरिकत्वे रद्द करण्याची मोहीम सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णो दास बागाई यांचे नागरिकत्व गेले, मालमत्ता गेली, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली; त्यांचे अखेरचे पत्र वृत्तपत्रात छापले गेले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच पाळी आली, पण त्यांनी स्वतःचा खटला जिंकला. सरकारने त्यांच्या नागरिकत्वाविरुद्ध वेळेवर अपील केले नव्हते, त्यामुळे तो निर्णय अंतिम झाला आहे, हे अपील न्यायालयाने १९२६ मध्ये मान्य केले. मोठ्या तत्त्वाच्या लढाईत हरलेला वकील कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर जिंकतो आणि त्यामुळे इतर भारतीयांवरील कारवाईलाही खीळ बसते, हा तपशील मूळ कागद पाहणाऱ्यालाच भेटतो.

स्त्रियांच्या नोंदी वाचताना १९०७ आणि १९२२ ही वर्षे लक्षात ठेवावीत. १९०७ पासून परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे. १९२२ च्या कायद्याने ते बहुतांशी थांबवले, पण नवरा नागरिकत्वास अपात्र वंशाचा असेल तर पुढेही काही वर्षे तेच होत राहिले.

लोकांचा स्वतःचा आवाज आणि १९६५ नंतरचा काळ

सरकारी कागदांना उत्तर देणारी सामग्री समाजाच्या स्वतःच्या भाषेत असते. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून निघालेले यिडिश दैनिक ‘फॉरवर्ड’ आणि सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर १९१३ मध्ये सुरू झालेले ‘गदर’ ही त्याची उदाहरणे आहेत. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या या गदर चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, जे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेले. त्यांच्यासारख्यांचा माग एका देशाच्या नोंदींत पूर्ण होत नाही. १९३६ ते १९३८ या काळात संघराज्याच्या लेखक प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या, ज्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत. त्या घेणारे बहुतेक जण गौरवर्णीय होते, तेव्हा बोलणाऱ्याने काय सांगायचे टाळले असेल याचा विचार करूनच त्या वाचाव्यात.

१९६५ नंतर आलेल्यांची जनगणनेची पाने अजून बंद आहेत, त्यामुळे या काळासाठी एकत्रित आकडे आणि मौखिक इतिहास हेच मुख्य साधन राहते. अमेरिकी जनगणना विभाग घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेची माहिती गोळा करतो आणि त्यात मराठीची स्वतंत्र गणना मिळते. मात्र हा आकडा मराठी वंशाच्या लोकांचा नसून घरी मराठी बोलणाऱ्यांचा आहे. घरात इंग्रजीच बोलणारी दुसरी पिढी त्यातून गळते. ती पोकळी भरण्यासाठी बृहन्महाराष्ट्र मंडळ या उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या अधिवेशनांच्या स्मरणिका, गावोगावच्या मंडळांची वार्तापत्रे, गणेशोत्सवाच्या पत्रिका आणि सदस्यांच्या जुन्या सूची गोळा कराव्यात. हे साहित्य कोणा एका ग्रंथालयात नाही, पहिल्या पिढीच्या तळघरांतील खोक्यांत आहे, आणि ती पिढी आता वृद्ध झाली आहे. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

मुलाखत घेताना ‘तुमचा अनुभव सांगा’ असे विचारले तर घासून गुळगुळीत झालेली कथा मिळते. त्याऐवजी कागदाशी जुळणारे प्रश्न विचारावेत: कोणत्या वर्षी, कोणत्या परवान्यावर आलात, प्रायोजक कोण होता, परकीय चलन किती मिळाले, ग्रीन कार्डाला किती काळ लागला, भावाबहिणींना बोलावले का आणि ते कोणत्या वर्षी पोहोचले, जनगणनेच्या अर्जावर वंशापुढे काय लिहिले. शेवटच्या प्रश्नाला १९७० आणि १९८० या दोन वर्षांसाठी स्वतंत्र उत्तर मागावे. बाईंची मुलाखत नवऱ्याच्या उपस्थितीत न घेता वेगळी घ्यावी, कारण तिचा परवाना बहुधा त्याच्यावर अवलंबून होता आणि ती कहाणी वेगळी असते. मुलाखत मराठीतच होऊ द्यावी, पूर्ण ध्वनिमुद्रित करावी, आणि तिचा वापर कोठे होणार याची लेखी संमती घ्यावी. जपणुकीसाठी फिलाडेल्फिया येथील साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह ही संस्था असे साहित्य स्वीकारते.

नोंद आणि लेखन

प्रत्येक कागदाची नोंद करताना जनगणनेचे वर्ष, राज्य, परगणा, प्रगणन विभाग, पानाचा क्रमांक आणि ओळ एवढे सगळे लिहावे. यादी असेल तर जहाजाचे नाव, बंदर आणि आगमनाची तारीख. केवळ संकेतस्थळाचे नाव लिहून भागत नाही, कारण सूची तयार करणाऱ्यांनी हस्ताक्षर चुकीचे वाचल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. सूचीतील नावावर विसंबू नये, पानाची प्रतिमा उघडून स्वतः वाचावे आणि वरखालची कुटुंबेही पाहावीत. एकाच गावचे लोक अनेकदा एकाच रस्त्यावर सापडतात.

लेखनात जुन्या वर्गवारीचा शब्द वापरावा लागला तर तो अवतरणचिन्हात घालून तो कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा आहे ते सांगावे, आणि स्वतःच्या वाक्यात त्या लोकांना ते स्वतःला जे म्हणत तेच नाव द्यावे. हयात व्यक्तीचा प्रवेश-परवाना, नागरिकत्वाची स्थिती किंवा कागदांतील त्रुटी यांविषयीची कोणतीही माहिती, तिने सांगितली असली तरी, ओळख पटेल अशा रीतीने छापू नये. अमेरिकेत नागरिकत्व देऊनही काढून घेतले गेल्याची उदाहरणे वर आलीच आहेत.